खाटेजवळचा अभ्यास

दिवाळीच्या सुटीत आमच्या शेजाऱ्यांची नात मला भेटायला आली. शनवाऱ्यात आमची दोन घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत; त्यामुळे नात त्यांची असली तरी आजोबा ती मलाही म्हणते. हातात मावा-जिलबीचा पुडा होता, पण चेहरा मात्र जिलबी आणणाऱ्या माणसाचा नव्हता. वैद्यकीय महाविद्यालयात तिचे तिसरे वर्ष चालू आहे. बारावीला उत्तम गुण, प्रवेशपरीक्षेत पहिल्याच वेळी यश, शरीररचनाशास्त्रात वर्गात वरचा क्रमांक, असा आजवरचा लौकिक. आणि आता ही मुलगी माझ्यासमोर बसून सांगत होती, "आजोबा, वॉर्डात मला काहीच येत नाही. पुस्तकातलं सगळं येतं, पण माणूस समोर निजलेला असला की तोंडच उघडत नाही. सर विचारतात, मी गप्प. मागच्या रांगेत उभी राहते. मला वाटतं, मी चुकीच्या ठिकाणी आले."

वाचकहो, या सदरात आपण कधी स्वयंपाकघरातल्या औषधांविषयी, तर कधी म्हातारपणच्या गुडघ्यांविषयी बोलतो. या महिन्यात थोडे निराळे बोलण्याचे मनात आहे. आपल्या समाजातली किती तरी मुले-मुली आज इंदूर, भोपाळ, खंडवा, नागपूर, पुणे, मुंबई अशा ठिकाणी वैद्यकीचे शिक्षण घेत आहेत. प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात आणि आईबाप निर्धास्त होतात. खरी परीक्षा मात्र तेव्हा कुठे सुरू व्हायची असते. ती होते रुग्णाच्या खाटेजवळ, सकाळी नऊच्या राउंडला, दहा-पंधरा सहाध्यायांच्या घोळक्यात.

त्या मुलीला मी त्या दिवशी उपदेश केला नाही. माझी फजिती सांगितली. तीच आधी इथे सांगतो.

पन्नासहून अधिक वर्षे झाली. मी विद्यार्थी होतो आणि मेडिसीनच्या वॉर्डात आमची नेमणूक होती. मला एक खाट वाटून दिलेली होती. तिच्यावर पंचेचाळिशीचा एक खंगलेला माणूस. खोकला, धाप, छाती आवळल्यासारखी होणे, अशी त्याची तक्रार. दुसऱ्या दिवशी ही केस मला मांडायची होती. आदल्या रात्री मित्रांबरोबर सिनेमाला गेलो आणि सकाळी घाईघाईने जुना केस-पेपर उघडून त्यावरूनच टिपण उतरवून घेतले. कागदावर क्षयरोगाची शंका लिहिलेली होती. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने सहा महिने टोचून घेतल्याचीही नोंद होती. व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘मजूर’ असे लिहिलेले. मी तेच सफाईदार इंग्रजीत म्हणून दाखवले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आमचे सर काही बोलले नाहीत. त्यांनी स्टूल ओढले, खाटेच्या उशाशी बसले, त्या माणसाचा हात हातात घेतला आणि साध्या हिंदीत विचारले, "बाबा, काम काय करता?" तो म्हणाला, सूतगिरणीत. "कुठल्या खात्यात?" जिथे कापूस पिंजून मोकळा करतात त्या खात्यात, वीस वर्षे झाली. सरांनी पुढे विचारले, "छाती सगळ्यात जास्त कोणत्या दिवशी आवळते?" मला हा प्रश्नच विचित्र वाटला. रोगाला वार थोडाच असतो! पण त्या माणसाचे डोळे चमकले. तो म्हणाला, "साहेब, सुटीच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या पाळीला गेलो की दुपारपर्यंत जीव घाबरा होतो. मग आठवडाभर जरा बरं. पूर्वी असं होतं. आता रोजच होतं."

कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा हा विकार. सुटीत छाती विसावते आणि पुन्हा धुळीत पाऊल टाकले की पहिल्याच दिवशी उसळी मारून आवळते, ही त्याची जुनी ओळख. त्याला क्षय झालेला नव्हताच. सहा महिने त्याने ती इंजेक्शने विनाकारण सोसली होती. सर माझ्याकडे वळले. "तुम्ही कुठले?" मी म्हणालो, "बुऱ्हाणपूरचा, सर." ते म्हणाले, "मग तुमच्या गल्लीत माग आहेत, सरकीची पोती आहेत. हा प्रश्न या वर्गात सर्वांआधी तुम्हांला सुचायला हवा होता."

एवढेच. ते ओरडले असते तर परवडले असते.

त्या माणसाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, नाही तर गोष्ट खोटी गोड होईल. त्याला धुळीच्या खात्यातून काढावे, अशी चिठ्ठी सरांनी लिहून दिली. तीन महिन्यांनी तो पुन्हा दाखल झाला, त्याच खात्यातून. घरी खाणारी सात तोंडे होती. निदान करता येणे आणि माणूस बरा करता येणे यांत केवढे अंतर असते, ते मी त्या खाटेजवळ प्रथम पाहिले.

पुढे वाचनात आले, की इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात वैद्यांना बजावले, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचाराल त्यांत आणखी एकाची भर घाला: तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलेले मी एका सिनेमापायी विसरलो होतो.

पूर्वीच्या काळी वैद्यकीचे शिक्षण बहुतांशी पोथ्या आणि व्याख्याने यांवर चाले. विद्यार्थ्याला वॉर्डात नेऊन खाटेजवळ शिकवण्याची रीत युरोपातही हळूहळू रुजली. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्सची वैद्यकीय शाळा १८९३ साली सुरू झाली. तिथे विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याने विद्यार्थ्यांना वॉर्डातल्या कामाचा प्रत्यक्ष भाग बनवले. वॉर्डात विद्यार्थी शिकवणे, हेच तो आपल्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम मानी. आपल्याकडे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि त्याच्या जोडीला जमशेटजी जिजीभाई रुग्णालय उभे राहिले. त्या महाविद्यालयातून जी पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली, तिच्यात आपले भाऊ दाजी लाड होते. इंदुरातही १८७८ पासून वैद्यकीय शाळा होती. तिच्या परंपरेतून १९४८ साली आजचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि निमाडातल्या कित्येक डॉक्टरांनी आपली पहिली नाडी तिथेच पाहिली.

आता तर नियमही बदलले आहेत. २०१९ पासून देशात जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला रुग्ण दाखवावा, असे ठरले. कोणते कौशल्य कधी हाती आले, याची नोंदवही ठेवावी लागते. व्याख्यानांना शेकडा ७५ आणि प्रात्यक्षिक व वॉर्डातल्या कामाला शेकडा ८० हजेरी लागते. साडेचार वर्षांनंतर एक वर्षाची आंतरवासिता आहेच. परंतु हजेरी भरली म्हणजे वॉर्ड अंगी मुरला, असे होत नाही. ऐंशी टक्के हजेरी लावूनही मागच्या रांगेत उभे राहता येते. आमच्या नातीने ते सिद्धच केले होते!

मी तिला विचारले, "सकाळच्या राउंडनंतर तू काय करतेस?" म्हणाली, "लायब्ररीत जाते." मी म्हटले, "लायब्ररीत रात्री जा. दुपारी चारनंतर, वॉर्ड निवांत असतो तेव्हा, एकटी परत जा. एकच रुग्ण निवड. त्याला विचार, बसू का थोडा वेळ? तो हो म्हणाला तरच बस."

सकाळच्या घोळक्यात रुग्ण हा प्रश्नपत्रिकेसारखा भासतो. संध्याकाळी तो माणूस असतो. त्याच्या बायकोने डब्यात काय आणले आहे, शेतात केळीला पाणी कोण देत आहे, किती दिवसांचा खाडा झाला, हे सगळे तो सांगतो. आणि त्याच ओघात रोगाचा इतिहासही येतो, तोही त्याच्या शब्दांत. तक्रार लिहिताना हेच शब्द जपायचे असतात. ‘पोटात आग पडते’, ‘पोटात मुरडा येतो’ आणि ‘पोट जड होते’ ही तीन निराळी दुखणी असू शकतात. पुस्तकी इंग्रजीत तिघांचेही ‘पोटदुखी’ करून टाकले, की निदानाची वाट तिथेच बुजते.

या बाबतीत आपली मुले खरे तर भाग्यवान आहेत. बुऱ्हाणपुरात वाढलेले मूल घरी मराठी, बाजारात हिंदी आणि निमाडी, गल्लीत उर्दूची वळणे ऐकतच मोठे होते. नेपानगरकडून येणाऱ्या कोरकू किंवा बारेला बाईशी चार शब्द तरी त्याला बोलता येतात. मध्य प्रदेश शासनाने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळ वाद झाला. पुस्तक कोणत्या भाषेत असावे, हे जाणत्यांनी ठरवावे. पण रुग्णाची भाषा कोणती, याबद्दल वाद नाही. मुलीला वाटत होते, आपले इंग्रजी कच्चे म्हणून आपण मागे. मी तिला म्हटले, केस मांडायचे इंग्रजी हे पन्नास-साठ वाक्यांचे असते; आरशासमोर दोन महिन्यांत पाठ होईल. बारेला बाईला धीर देण्याची भाषा दिल्ली-मुंबईच्या मुलाला दोन वर्षांत यायची नाही.

मग तपासणी. आधी पाहणे, मग हात लावणे, मग बोटाने ठोकून आवाज ऐकणे, आणि शेवटी स्टेथोस्कोप. विद्यार्थी उलट करतो. गळ्यातले यंत्र आधी छातीला लावतो आणि मग काहीच ऐकू येत नाही म्हणून घाबरतो. छाती बोटाने ठोकून पाहण्याची युक्ती व्हिएन्नातल्या आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली ग्रंथात मांडली. त्याचा बाप खानावळवाला होता, आणि पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून पाहण्याची रीत त्याने लहानपणी घरीच पाहिली होती, असे सांगतात. त्याच्या ग्रंथाकडे लोकांनी पुष्कळ वर्षे ढुंकूनही पाहिले नाही. १८०८ साली कॉर्व्हिझारने त्याचे फ्रेंच भाषांतर केले तेव्हा कुठे ती विद्या पसरली. स्टेथोस्कोपचा जन्म तर संकोचातून झाला. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या तरुण वैद्याला हृदयाचा विकार असलेली एक स्थूल युवती तपासायची होती. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाशी. आणि ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. संकोच ही वैद्याची उणीव नव्हे, हे आमच्या लाजाळू नातीला मी मुद्दाम सांगितले. पडदा ओढावा, बाईजवळ दुसरी बाई असावी, हात गार असतील तर चोळून ऊब आणावी, काय करणार आहोत ते आधी सांगावे, आणि जेवढे उघडायचे तेवढेच उघडून लगेच झाकावे. ज्या विद्यार्थ्याला हे जमते, त्याला रुग्ण दुसऱ्या दिवशी आपण होऊन हाक मारतो.

हातांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तिची पुढची नेमणूक प्रसूतिकक्षात होती.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायांची संख्या दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असे. इतकी, की पहिल्या विभागात दाखल होऊ नये म्हणून बाया रडून विनवण्या करीत. सेमेलवाइस या तरुण डॉक्टरचा एक स्नेही १८४७ साली शवविच्छेदनाच्या वेळी लागलेल्या जखमेतून ज्वर होऊन वारला आणि सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी शवागारातून उठून थेट प्रसूतिकक्षात येत होते. मृत्यू त्यांच्याच हातांवरून येत होता. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठराच्या आसपास बाया मरत होत्या. जुलैपर्यंत ते प्रमाण दोनच्याही खाली आले. शिकायला आलेला विद्यार्थी निरुपद्रवी असतो, ही समजूत तेव्हापासून तरी कोणी बाळगू नये.

आणि आपण तर बुऱ्हाणपूरकर. ताप्तीकाठच्या या गावात १७ जून १६३१ रोजी हिंदुस्थानची सम्राज्ञी मुमताजमहल आपल्या चौदाव्या अपत्याला जन्म देऊन मरण पावली. नदीपलीकडे जैनाबादला आहुखान्यात तिचा देह काही महिने होता, मग तो आग्र्याला नेला. दिमतीला साम्राज्यातले नामांकित हकीम असतील, पण प्रसूतीच्या वेळी काय करावे याचे ज्ञान त्या काळी कोणापाशीच फारसे नव्हते. कोवळ्या वयात अवघ्या दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी पुढे सातासमुद्रापार गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांना मिळालेही होते. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. वॉर्ड त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आमची नात रोज सकाळी ज्या वॉर्डात जायला घाबरते, तो असा कोणाकोणाला न मिळालेला वॉर्ड आहे.

तिचे खरे दुखणे मात्र मला उशिरा कळले. जाता जाता म्हणाली, "आजोबा, एकदा सरांनी विचारलं, प्लीहा हाताला लागली का? मला लागली नव्हती. सगळे म्हणाले लागली, म्हणून मीही लागली म्हटलं. तेव्हापासून माझा स्वतःवर विश्वास उरला नाही."

हे ऐकून मला बरे वाटले. ज्याला हे टोचते तो डॉक्टर होतो. तिला म्हटले, ‘मला लागली नाही’ हे वाक्य आजपासून रोज एकदा उच्चारायचे. ‘मी विचारले नाही’, ‘मी पाहिले नाही’, ‘मला माहीत नाही, पाहून सांगते’ ही त्याचीच भावंडे. चार लोकांत हसू होईल, दोन मिनिटे कान तापतील. पण न लागलेली प्लीहा कागदावर चढली, की ती रुग्णाचा पिच्छा सोडत नाही. पुढचा डॉक्टर तीच उतरवून घेतो, जसा मी तो क्षयरोग उतरवून घेतला.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. वॉर्डातल्या सिस्टरना नमस्कार करून काम शिकावे. सलाईन लावणे, ड्रेसिंग करणे हे त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवत नाही. एक रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत सोडू नये आणि रोज रात्री त्याच्याच रोगाविषयी वाचावे; असे वाचलेले परीक्षेत आठवते. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण घेतलेली असावी. तरीही सुई टोचलीच, तर भीतीने लपवून न ठेवता ताबडतोब सांगावे. एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार शक्य तो दोन तासांत आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. रुग्णाचे छायाचित्र मोबाइलवर काढू नये, मित्रमंडळींना पाठवू नये. जेवण चुकवू नये. निवासी डॉक्टर कावला तर लक्षात ठेवावे, की तो बहुधा छत्तीस तास झोपलेला नसतो. पण कोणी अपमानच करीत राहिला तर निमूट सोसू नये, वरिष्ठांना सांगावे.

आणि आईबापांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. मूल सुटीला घरी आले, की आत्याबाईंचे मधुमेहाचे रिपोर्ट, मामांचा एक्स-रे आणि शेजारच्या काकूंची सांधेदुखी त्याच्यापुढे मांडून बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यातले काही कळत नसते. कळत नाही म्हणण्याची लाज वाटते म्हणून तो काहीतरी बोलतो, आणि खोटी प्लीहा लागायला घरूनच सुरुवात होते. "नंबर कितवा?" हाही प्रश्न काही दिवस मिटून ठेवा. "आज कोणाशी बोललीस?" असे विचारून पाहा.

मकरसंक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज वेगळा होता. प्रसूतिकक्षात ती संध्याकाळी एका बाईजवळ बसली होती. दिवस भरत आलेले, पायांना सूज, भाषा बारेली. बोलता बोलता बाई म्हणाली, सकाळपासून डोके ठणकते आहे आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. केस-पेपरवर हे कुठेच नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. नातीने रक्तदाब घेतला, तो फार वर होता. स्वतःच्या मोजण्यावर विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतला आणि सिस्टरना हाक मारली. निवासी डॉक्टर आले. आधी, "तू या वेळी इथे काय करते आहेस?" म्हणून तिच्यावरच खेकसले, मग त्यांनी तिथल्या तिथे मॅग्नेशियमचे इंजेक्शन सुरू केले. झटके आले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाळंतपण झाले. मूल कमी वजनाचे, पण रडले.

"त्यांनी शाबासकी दिली का गं?" मी विचारले. "नाही," ती हसत म्हणाली. "पण दुसऱ्या दिवशी राउंडला मला पुढे उभं केलं."

आता तिची नेमणूक छातीच्या रोगांच्या वॉर्डात आहे. फोन ठेवण्याआधी तिने विचारले, "आजोबा, आपल्याकडे जिनिंगमध्ये आणि मागांवर आठवड्याची सुटी हल्ली कोणत्या वारी असते? इथे आपल्याकडचे एक बाबा दाखल आहेत."

मला सांगता येईना. संध्याकाळी काठी घेतली आणि शेजारच्या गल्लीत विचारायला गेलो.